वहिनींसाठी निवडलेला नीलम

नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठली चोरी कोणत्या ठाण्यातली, कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे आठवायला मला वेळ लागतो. तुमसरमधलं नीलमच्या खड्याचं प्रकरण मात्र जसं घडलं तसं डोळ्यांसमोर आहे. गुन्हा तसा मोठा नव्हता. खून नाही, दरोडा नाही. पण त्यातली माणसं अशी होती की त्यांची आठवण आली की बरं वाटतं.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. माझी बदली तुमसरला ठाणेदार म्हणून झाली होती. आठवडी बाजाराचा दिवस होता आणि बाजाराच्या दिवशी ठाण्यात दुपारपर्यंत बसायला जागा नसते. खिसा कापला, सायकल गेली, बैलावरून भांडण झालं, असे लोक येतच असतात. त्या गर्दीत बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. एक तिशीतला माणूस एका म्हाताऱ्या सोनाराचा दंड धरून त्याला आत आणत होता. मागे बाजारातली वीसेक माणसं. आणि त्या सगळ्यांच्या मागून एक बाई शांतपणे चालत येत होत्या.

"साहेब, या सोनारानं आमचा खडा बदलला. याला आत टाका," तो माणूस म्हणाला.

मी आधी त्याला सोनाराचा हात सोडायला लावला. मग त्या बाईंना खुर्ची दिली. गर्दीत जो सर्वांत कमी बोलतो त्याला आधी ऐकावं, हा माझा नेहमीचा प्रघात.

बाई लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून नुकत्याच निवृत्त झालेल्या. तो तरुण त्यांचा भाचा, म्हणजे मोठ्या भावाचा मुलगा. बाई लहान असतानाच त्यांची आई गेली. वहिनी लग्न होऊन घरात आली आणि तिनंच या नणंदेला वाढवलं. लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणीला जाऊन, गुडघाभर चिखलात उभं राहून तिनं नणंदेचं डी.एड. पूर्ण केलं. निवृत्त झाल्यावर बाईंनी ठरवलं, वहिनीसाठी एक अंगठी करायची.

"तयार अंगठी कुठलीच तिच्या बोटात जात नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "सांधे सुजून जाडे झाले आहेत तिचे. म्हणून बोटाचं माप घेऊन करायला टाकली. आणि खडा निळाच पाहिजे होता. आमच्या घरावर निळा झेंडा असतो, त्या रंगाचं काय महत्त्व आहे ते तुम्हाला सांगायला नको. वहिनीनं आयुष्यात एकदाच स्वतःसाठी लुगडं मागितलं होतं, तेही निळं."

तुमसरचा हा सोनार त्यांच्या घरच्या जुन्या ओळखीचा. त्याच्याकडे नीलम नव्हता. बाजाराच्या दिवशी नागपूरकडून एक खड्यांचा व्यापारी यायचा, त्याला त्यानं दुकानात बोलावलं. व्यापाऱ्यानं पुड्या उघडून खडे मांडले. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच सुंदर दिसत होते. बाई एकेक खडा उचलून दुकानाच्या पायरीवर उजेडात गेल्या आणि बराच वेळ पाहत बसल्या. शेवटी त्यांनी एक निवडला. त्याच्या आत एका कडेला दुधाच्या थेंबासारखी पुसट रेघ होती.

व्यापारी म्हणाला होता, "मॅडम, हा डागी आहे. साफवाला घ्या ना."

"मला हाच हवा," बाई म्हणाल्या होत्या. "याचा निळा जिवंत आहे."

काही दिवसांनी अंगठी तयार झाली. दिघोरीला वहिनीच्या बोटात ती नीट बसली. शेजारपाजारच्या बाया पाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होती, हातावर ऊन पडलं होतं, आणि बाईंना दिसलं की खड्याच्या आत ती रेघ नाही. खडा आरपार स्वच्छ होता, पाण्यानं भरलेल्या काचेच्या गोळीसारखा.

मी सोनाराकडे वळलो. साठीच्या पुढचा माणूस. सदऱ्याची बाही भाच्याच्या ओढाताणीत फाटली होती.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"मले ते आंगठी पाहू द्या, सायेब," एवढंच तो म्हणाला.

मी दिली. त्यानं खिशातून भिंग काढलं, खिडकीपाशी गेला, उलटसुलट करून पाहिलं. मग अंगठी माझ्या टेबलावर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाला, "खडा मीच बसवला जी. हे कोंदण माह्याच हातचं हाये. कोणी उचकटलं नाई. जो खडा मले देल्ला, तोच हा. बाईनं पसंद केलेला म्हणून मी भिंग लावून पायलाच नाई."

भाचा ओरडला, "पाहा, कबूल झाला!"

गर्दीला ती कबुली वाटली. मला वेगळं वाटलं. लबाड माणसाला अशा वेळी एक सोपी पळवाट असते. "मी खराच बसवला होता, तुमच्याच घरी कोणी बदलला असेल," एवढं म्हणून त्यानं बाईंच्या घरावर संशय ढकलला असता. या माणसानं स्वतःच्या गळ्याशी येणारी गोष्ट स्वतःहून सांगितली. कोंदण उचकटलेलं नसेल, तर खडा बसवण्याआधीच बदललेला होता. म्हणजे बाईंनी निवडल्यापासून सोनाराच्या हातात पुडी येईपर्यंत. त्या वेळात पुडी एकाच माणसाजवळ होती, खडा बांधून देणाऱ्या व्यापाऱ्याजवळ.

बाईंची फिर्याद घेऊन फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. अंगठी पंचांसमक्ष जप्त केली. सोनाराचा जबाब घेऊन त्याला घरी जाऊ दिलं. ते बाजाराला पटलं नाही. दोन दिवसांत त्याच्या दुकानापुढे वेगळीच गर्दी झाली. ज्यांनी दागिने घडवायला टाकले होते ते सगळे आपापलं सोनं परत न्यायला आले. त्यानं एकेकाला बोलावून ज्याचं त्याला दिलं आणि दुकानाची फळी लावून घेतली. उभ्या आयुष्याची पत होती ती.

व्यापाऱ्याला शोधायला मी त्याच दुपारी बाजारात शिपाई पाठवला होता, पण आरडाओरडा ऐकून तो आधीच निघून गेला होता. पुढच्या बाजाराला तो आलाच नाही. सोनाराला त्याचं फक्त नाव माहीत होतं, पत्ता नव्हता. आम्ही नागपूरला चौकशी केली, त्या नावाचा कोणी सापडला नाही. मग एका सकाळी ठाण्यात फोन आला. तुमसर रोड स्टेशनबाहेरचा चहाटपरीवाला बोलत होता.

"सायेब, तो खडेवाला माह्या टपरीवर बसून राहिला. गाडी लेट हाये म्हणून बरं. लवकर या."

तो स्वतःहून का कळवतोय, असं हवालदारानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माह्या लगनाचं मंगळसूत्र त्याच सोनारबाबानं केलं जी. तो असा मानूस नाई."

व्यापारी चहाचा कप हातात असतानाच सापडला. अंगझडतीत खड्यांच्या पुड्या मिळाल्या, त्यात निळे खडेही होते. पोलीस कोठडी मिळाली. चौकशीत तो गोड बोलायचा. ना आवाज चढायचा, ना घाम यायचा.

"साहब, दगडावर काय कोणाचं नाव लिहिलेलं असते का? बाईनं जो पसंद केला तोच मी पॅक करून दिला. घरी गेल्यावर मन बदललं असेल."

"मग बाईंना दाखवू का तुझ्या पुडीतले खडे?"

"दाखवा ना! पहचान लिया तो मी मान जाईन," तो हसून म्हणाला.

ते हसू मला खटकलं होतं. पण दुसरा मार्गही नव्हता. मुद्देमालाच्या ओळखीसाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना विनंती केली. भंडाऱ्याच्या एका सराफाकडून तशाच रंगाचे आणखी खडे मागवले, जप्त केलेले निळे खडे त्यांत मिसळले आणि तहसील कचेरीत ओळख घेण्याचं ठरलं. अशा वेळी तपास अधिकाऱ्यानं खोलीत थांबायचं नसतं. मी आणि हवालदार बाहेर कडुनिंबाखाली उभे राहिलो. भाचा येरझाऱ्या घालत होता.

बराच वेळ गेला. दंडाधिकारी बाहेर आले आणि म्हणाले, "त्या नाही म्हणतात. त्यांचा खडा यांत नाही."

कोठडीची मुदत संपत आली होती. पुरावा हातात नव्हता. आरोपीला जामीन मिळाला की तो पुन्हा तुमसरला दिसणार नव्हता आणि डाग राहणार होता तो सोनारावर.

हवालदार माझ्या कानाशी म्हणाला, "बाईनं एक उचलला असता तर काम होऊन जात होतं, साहेब."

भाचा तर सरळच म्हणाला, "आत्या, काहून नाई म्हटलंस? एखादा तरी दाखवाचा होता ना!"

बाई कडुनिंबाच्या पारावर टेकल्या. पदरानं चष्मा पुसला.

"त्यात एक फार जवळचा होता, साहेब. रंग अगदी तसाच. दोनदा खिडकीपाशी नेऊन पाहिला. तुम्ही सगळे बाहेर वाट पाहताय हे मला कळत होतं. पण तसाच असणं वेगळं आणि तोच असणं वेगळं. जो माझा नाही त्याला माझा कसा म्हणू? तुमची केस बुडत असेल तर मला वाईट वाटतं."

मी म्हणालो, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही बरोबर केलं."

ते मी मनापासून म्हणालो आणि म्हणता म्हणताच मला त्याचा अर्थ उमगत गेला. बाईंनी जवळचा खडा उचलला असता तर आमचा शोध तिथंच संपला असता. त्यांनी नाही म्हटल्यामुळे प्रश्न उभा राहिला, की खरा खडा आहे कुठे? व्यापारी हसून "दाखवा" म्हणाला होता, कारण तो आपल्याजवळ नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. पण असा खडा तो विकून मोकळा होणार नव्हता. तोच तर त्याचं भांडवल होता. खरा दाखवायचा आणि खोटा द्यायचा. मग तो खडा त्यानं कोणाला तरी दाखवायलाच दिला असणार.

हवालदार याच भागातला. मी त्याला विचारलं, "इकडे लोक नीलम कसा घेतात?"

"नीलम कोणी एकदम नाई घेत, साहेब. शनीचा खडा तो. आधी आणून उशाखाली ठेवते, मानवते का पाहते. वाईट सपन पडलं तर वापस."

मी त्याच पावली सोनाराच्या घरी गेलो. फळी बंदच होती. मागच्या दारानं आत गेलो तर तो रिकाम्या शेगडीपुढे बसला होता. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं.

"त्या व्यापाऱ्यानं आणखी कोणासाठी अंगठी करायला सांगितली होती का?" मी विचारलं.

तो गप्प राहिला. गप्प राहण्यातही फरक असतो. एक लपवणाऱ्याचा गप्पपणा असतो आणि एक शब्द दिलेल्या माणसाचा.

"त्या गिऱ्हाइकानं कोणाला सांगू नको म्हटलं, असंच ना?"

"हो जी," तो म्हणाला. "मोठा मानूस हाये. त्याले साडेसाती चालू हाये असं बाजारात समजलं, तर लोक समजतीन याची मिल बुडून राहिली. मंग धान कोन देईन त्याले? मी त्याले सबूद देल्ला."

स्वतःचं दुकान बंद पडलं होतं, गाव चोर म्हणत होतं, तरी हा माणूस गिऱ्हाइकाची झाकली मूठ उघडत नव्हता. मी त्याला समजावलं, की ते गिऱ्हाईकही फसणार आहे. आज खरा खडा त्याच्याकडे असेल, पण व्यापारी सुटला की तो परत घेऊन पुडी बदलणार, बसवायच्या वेळी तुमच्या हातात खोटाच येणार आणि दुसऱ्यांदा दोष तुमच्यावर येणार. तो बायकोकडे पाहत राहिला.

"सांगून टाका ना," ती म्हणाली. "तुमचा सबूद त्याच्या भल्यासाठीच होता ना? मंग भलंच होऊन राहिलं त्याचं."

तेव्हा त्यानं तुमसरमधल्या एका राईस मिलच्या मालकाचं नाव सांगितलं.

मिलवर गेलो तेव्हा यंत्रं चालू होती आणि कोंड्याची धूळ सगळीकडे उडत होती. मालकांनी आम्हाला मागच्या घरात नेलं. साध्या कपड्यांतच गेलो होतो, मुद्दाम.

"नीलम? मी असल्या गोष्टी मानतच नाही, साहेब," ते ठामपणे म्हणाले.

आतून त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. "अहो, मंग तुमच्या उशाखाली काय हाये? मी चादर बदलाले गेली की ओरडता माह्यावर!"

मालकांचा चेहरा पाहून मला हसू आवरणं कठीण गेलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग तेही हसले. निळ्या रेशमी चिंधीत बांधलेला खडा त्यांनी स्वतः आणून दिला. शनिवार पाहून व्यापारीच तो बसवायला घेऊन जाणार होता. पंचनामा करून खडा सीलबंद केला. मालकांना मी सगळी हकीकत सांगितली आणि जबाबाबद्दल विचारलं. ते खिडकीतून मिलकडे पाहत राहिले.

"कोर्टात नाव येईल ना माझं?"

"येईल."

"त्या सोनाराचं दुकान बंद आहे म्हणता?"

"हो."

"मग लिहून घ्या जबाब. माझी मिल काही खड्यावर चालत नाही."

दुसऱ्यांदा ओळख झाली. पुन्हा तितकेच खडे, पुन्हा तीच खोली, आम्ही पुन्हा बाहेर. या वेळी फार वेळ लागला नाही. दंडाधिकारी नंतर म्हणाले, की बाईंनी एकेक खडा पाहत जाऊन एकाशी हात थांबवला, तो खिडकीपाशी नेला आणि डोळ्यांना पदर लावला. "हाच," एवढंच बोलल्या. आत दुधाची पुसट रेघ होती, कडेलाच.

आरोपीला मी एवढंच सांगितलं, की आम्ही मिलवर जाऊन आलो. त्यानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्याचं हसू परत आलं नाही. बोटांच्या चलाखीनं पुडी कशी बदलायची, ते त्यानं स्वतःच करून दाखवलं. त्यानंतर जिल्ह्यातून आणखी काही लोक पुढे आले, ज्यांच्या बोटांत काच होती आणि लाजेनं जे बोलले नव्हते. तज्ज्ञाचा अहवालही आमच्या बाजूनं आला. पुढे कोर्टात शिक्षा लागली.

भाचा दुसऱ्या ओळखीच्या दिवशीच सोनाराच्या घरी गेला. काय बोलला ते मला माहीत नाही. नवी बाही लावलेला सदरा घालून सोनारानं दुकानाची फळी काढली, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणून भाचाच पायरीवर बसलेला होता, हे मात्र मी रस्त्यावरून जाताना पाहिलं.

कोर्टाच्या हुकमानं खडा बाईंना परत मिळाला. त्यांनी तो त्याच सोनाराकडून बसवून घेतला. धान घरात आल्यावर त्यांनी मला दिघोरीला जेवायला बोलावलं. मी सहसा फिर्यादीकडे जेवायला जात नसे, पण निकाल लागून गेला होता आणि माझी बदलीही झाली होती. गेलो.

वहिनी ठेंगणी, काटक बाई. बोटं खरंच जाड, पेरांशी गाठी आलेली. वाढताना अंगठी भात वाढायच्या उगराळीच्या दांड्यावर टेकत होती, म्हणून ती ते बोट वर करून वाढत होती. मी म्हटलं, "शोभून दिसते अंगठी तुम्हाला."

ती लाजली. "मले दगडातलं काई समजत नाई, सायेब. खरा का खोटा, मले दोनी सारखेच दिसे. पर पोरगी म्हणे, दुकानाच्या पायरीवर तासभर बसून पायला तिनं." मग हातातली उगराळी तशीच धरून ती थांबली. "माह्यासाठी इतका येळ बसून कोनं काई निवडलं नोतं जी आतापर्यंत."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. भाचा पाण्याचा तांब्या उचलून बाहेर निघून गेला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नव्या पोलीस उपनिरीक्षकांसमोर बोलताना मला अनेकदा विचारलं गेलं. मी सांगत असे, की साक्षीदाराचं "हो" ऐकायला आपण सगळेच उत्सुक असतो. आपल्या चेहऱ्यावर ती उत्सुकता दिसते आणि साक्षीदार भला असला तर आपल्याला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणून जातो. त्या मोहाच्या पुढे उभं राहून जो "नाही" म्हणतो, तो तपासावर उपकार करतो. पुढे माझ्या हाताखाली झालेल्या प्रत्येक ओळखीच्या आधी मी साक्षीदाराला सांगत आलो: यात असेल तर दाखवा, नसेल तर बिनधास्त नाही म्हणा, मी तुमच्यावर नाराज होणार नाही. त्यामुळे काही गुन्हे उघडकीला यायला उशीर झाला असेल. निरपराध माणूस मात्र माझ्या हातून आत गेला नाही, एवढं मी समाधानानं म्हणू शकतो.

आणि हे समाधान माझं एकट्याचं नाही, हेही मला ठाऊक आहे. टपरीवाल्यानं फोन केला नसता, सोनारानं स्वतःविरुद्ध जाणारं खरं सांगितलं नसतं, मिलमालकांनी लाज बाजूला ठेवली नसती, बाईंनी कडुनिंबाखाली माझा पडलेला चेहरा पाहून आपला शब्द फिरवला असता, तर मी काय करणार होतो? वर्दीला लोक घाबरतात, सलाम करतात, कधी शिव्याही देतात. तुमसरच्या त्या माणसांनी वर्दीला मदत केली, आणि ती करताना प्रत्येकानं स्वतःचं काहीतरी पणाला लावलं. पोलीस म्हणून याहून जास्त मी लोकांकडे काय मागणार?